तीन पाण्यांनी धुतलेली कणी

पिशोर
१० मार्च १९९१

आशा,

सलाम. मागच्या पत्राच्या शेवटी तू लिहिलं होतंस, "कोंबड्या बऱ्या ना?" तुला कोंबड्यांचं काही पडलेलं नाही हे मला माहीत आहे. पण विचारलंस, तर ऐक. कोंबड्या राहिल्या नाहीत.

मानमोडी आली. आधी शेजारच्या चतुराबाईच्या परसात, मग आमच्या. हिरवी पातळ हगवण, चोच उघडून घरघर, आणि शेवटी मान पिळवटून पडायचं. एक कोंबडी उचलावी तोवर दुसरी आडवी. इलियासच्या अब्बांची सगळी असील गेली, आशा. उंच पायांची, ताठ मानेची जात. किती लोक झुंजीसाठी मागायला आले, त्यांनी एक पिल्लू कुणाला दिलं नाही. त्यांच्यामागं सहा वर्षं मी ती सांभाळली. आता खुराड्यात चुना मारून घेतला आहे, आणि सकाळी बांग नाही म्हणून मला उठायला उशीर होतो.

एक पिल्लू तेवढं उरलं. कोंबडीच्या पायाखाली चेंगरलं होतं म्हणून मी त्याला आधीच घरात पाटीखाली ठेवलं होतं. त्यामुळं वाचलं.

इलियास येऊन गेला. गेल्या वर्षी तो मला सिडकोतल्या त्याच्या फ्लॅटवर न्यायला आला तेव्हा मीच म्हणाले होते, "परसात अब्बांची असील आहे तोवर मी हे घर सोडणार नाही." आता तो माझं वाक्य मलाच परत देतोय. "अम्मी, परस तर रिकामं झालं."

मी पाटी उचलून दाखवली. तो हसला. म्हणाला, "ठीक. ईदपर्यंत बघू."

तू एवढी वर्षं पोरींना आरोग्य आणि आहार शिकवलास. या एकाला कसं जगवायचं ते सांग. तू सांगशील तसंच करीन.

तुझी
जहांआरा


खडकेश्वर, औरंगाबाद
१४ मार्च १९९१

प्रिय जहांआरा,

पत्र मिळालं. वाईट झालं. नूरमोहम्मदभाई त्या कोंबड्यांशी माणसांपेक्षा अदबीनं बोलायचे, ते आठवलं. पण आता रडण्यात वेळ घालवू नकोस.

माझ्या स्वयंपाकघरात आजवर अंडंसुद्धा आलेलं नाही हे तू जाणतेस. तरीही स्वच्छतेचे नियम कोंबडीला आणि माणसाला सारखेच. सांगते ते काटेकोर पाळ.

पिल्लू परसात सोडू नकोस. त्या मातीत रोग आहे. उकिरडा, शेण, किडे, पालापाचोळा, सगळं बंद. फरशीवर ठेव आणि फरशी रोज फिनेलनं पूस. पाणी उकळून गार केलेलं. बाहेरचा दाणा नको, त्याला कुणाचे हात लागलेले असतात. घरातल्या तांदळाची कणी दे, तीन पाण्यांनी धुऊन, मऊ शिजवून. चतुराबाईला पाटीजवळ फिरकू देऊ नकोस, ती रागावली तरी.

आणि इलियासशी एवढं भांडू नकोस. मुलगा वाईट नाही.

आशा


पिशोर
२ एप्रिल १९९१

आशा,

रोजे चालू आहेत, तरी सगळं तुझ्या हुकुमाप्रमाणं चाललंय. फरशी इतकी चकचकीत आहे की पिल्लाचा पाय घसरतो. चतुराबाई म्हणते, "भाभी, पिल्लू पाळलंय का जावई आणलाय?"

पण परवापासून लक्षण ठीक नाही. आधी चालताना धडपडायला लागलं. काल पाहते तर बसल्या जागी मान मागं टाकून आढ्याकडं बघतंय. हातानं सरळ करावी तर पुन्हा मागं. जणू वर कुणीतरी हाक मारतंय.

चतुराबाईनं दारातूनच पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "लई झालं आता. मानमोडी हाय ही. पुरून टाका भाभी. मी कालच चार नव्या कोंबड्या आणल्यात, त्या जातील तर कुणाच्या नावानं रडू?"

तिचंही चुकत नाही. जनावरांचे डॉक्टर बाजारच्या दिवशी येतात, बाजाराला अजून अवकाश आहे. लवकर लिही.

जहांआरा


औरंगाबाद
५ एप्रिल १९९१

प्रिय जहांआरा,

स्पष्ट लिहिते. मान पिळवटली म्हणजे मानमोडीच. तिला औषध नाही. पिल्लू हाल होऊन मरेल आणि जाताना चतुराबाईच्या कोंबड्या नेईल. आजच्या आज खोल खड्डा करून चुना टाकून पूर. हात साबणानं धू. पाटी जाळ.

मला माहीत आहे याचा अर्थ काय होतो. पण सिडको म्हणजे काही काळं पाणी नव्हे. माझ्या घरापासून रिक्षानं जवळ. आपण रोज भेटू. तुझी खोली पूर्वेची आहे, ऊन चांगलं येतं.

आशा


पिशोर
८ एप्रिल १९९१

आशाबाई,

खोली पूर्वेची आहे हे तुला कसं कळलं? मी तर तो फ्लॅट अजून पाहिलेला नाही, आणि खोलीबद्दल तुला एक अक्षर लिहिलेलं नाही.

म्हणजे इलियास तुझ्याकडं येऊन गेला. तुम्ही दोघांनी बसून चहा घेतला आणि माझी खोली ठरवली. आणि वर तू मला खड्डा खोदायला सांगतेस. कॉलेजात प्रयोगाच्या टेबलावर तू माझ्या शेजारी उभी असायचीस. बेडूक मेला आहे असं मी म्हटलं की तू म्हणायचीस, "हात लावून पाहिलास का?" आता औरंगाबादेत बसून, हात न लावता, तू मेला म्हणतेस.

पिल्लू पुरलेलं नाही. पुरणार नाही. चतुराबाईला मी सांगितलंय, तुझी एक कोंबडी गेली तर माझ्या कानातलं काढून देईन. ती म्हणाली, "कानातलं नको, अक्कल येऊ द्या तुमाला." पण गेली आणि तिच्या कोंबड्यांभोवती जाळी ठोकून आली.

तुझ्याकडून आता सल्ला मागत नाही. कळवायचं म्हणून कळवलं.

जहांआरा


औरंगाबाद
१० एप्रिल १९९१

जहांआरा,

हो, इलियास आला होता. फेब्रुवारीत. म्हणाला, अम्मी एकटी असते, रात्री-बेरात्री काही झालं तर कुणाला कळणार नाही. मी म्हणाले, घेऊन ये. मला ते पटलं होतं. तुला लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. त्याबद्दल तू दिलेला तडाखा बरोबर आहे.

पण बेडकाचं म्हणालीस तेही बरोबर आहे. मी तपासणी न करता निकाल दिला. आता तपासणी करू. खालच्या गोष्टींची उत्तरं उलट टपाली हवीत. रागानं नव्हे, बघून लिही.

विष्ठा हिरवी पातळ आहे का? श्वास घरघरतो का? डोळे, नाक वाहतं का? चोचीत घास ठेवला तर गिळतं का? चतुराबाईच्या नव्या कोंबड्या कशा आहेत? आणि पाटीत आल्यापासून आजपर्यंत त्याच्या पोटात नेमकं काय काय गेलं?

उत्तर येईपर्यंत पुरू नकोस.

आशा


पिशोर
१२ एप्रिल १९९१

आशा,

राग आहे, पण बघून लिहिते.

विष्ठा हिरवी नाही. श्वास साफ. डोळे कोरडे आणि इतके टपोरे की माझ्याकडं उलट्या मानेनं रोखून बघतं. चोचीत घास ठेवला की गिळतं, पण आपण होऊन चोच दाण्यावर पडत नाही. पाय दुमडून मागच्या सांध्यांवर बसलंय. चतुराबाईच्या चारही कोंबड्या जाळीत ठणठणीत, त्यातली एक कालपासून अंडं देते, आणि ते चतुराबाई मुद्दाम माझ्या दारावरून मिरवत नेते.

पोटात काय गेलं विचारतेस? तूच सांगितलेलं. तांदळाची कणी, तीन पाण्यांनी धुतलेली, मऊ शिजवलेली. आणि उकळलेलं पाणी. एक किडा नाही, एक पान नाही, ज्वारीचा एक दाणा नाही. आपण ज्वारी खातो आणि तांदूळ पाहुण्याला घालतो, मी तर त्याला पाहुण्यासारखं ठेवलं. मीही त्याच्याच पातेल्यातली खिचडी खाते पहाटे सहेरीला, एकटीसाठी भाकरी कोण थापणार.

आता बोल, शहाणे.

जहांआरा


औरंगाबाद
१४ एप्रिल १९९१

जहांआरा,

तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं.

आठव. दुसऱ्या वर्षाचा आहारशास्त्राचा तास. जावा बेटावरचा तो डच डॉक्टर. कोंबड्यांना पांढरा सडीक तांदूळ घालायचे आणि त्यांचे पाय लुळे पडायचे. तांदळाचा कोंडा घातला की त्याच कोंबड्या उठून चालायच्या. जीवनसत्त्व ब-एकचा शोध तिथून लागला. हा धडा मी जन्मभर पोरींकडून घोकून घेतला, परीक्षेत विचारला, न येणाऱ्या पोरींना उभं केलं. आणि तुला लिहिलं, तांदळाची कणी, तीन पाण्यांनी धुऊन! जे थोडं उरलं असेल तेही धुऊन टाकायला सांगितलं.

चूक माझी. तूही त्याच बाकावर बसली होतीस हे विसरू नकोस, पण चूक माझी. मानमोडी असती तर घरघर असती, हिरवी हगवण असती, आणि इतके दिवस ते टिकलं नसतं. माझ्या अंदाजानं ही उपासमार आहे. भरल्या पोटाची.

आता ऐक. आज गुलमंडीवरून औषध घेतलं. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना गाठून मात्रा विचारली. ते म्हणाले, "बाई, एका पिल्लासाठी?" मी म्हणाले, "हो, एकाच." तेही म्हणाले, लक्षणं ब-एकचीच वाटतात, करून पाहा. माशाच्या तेलाची गरज नाही म्हणाले, नाहीतर तेही हातात धरलं असतं.

पिशोरच्या गाडीच्या कंडक्टरकडं पुडकं देते आहे. स्टँडवर जाऊन घे. त्यात ब-एकच्या गोळ्या आहेत, ब-जीवनसत्त्वांचं लहान मुलांचं पातळ औषध आहे आणि डोळ्यांत थेंब घालायची काचेची नळी. गोळीचा किती तुकडा आणि किती थेंब ते चिठ्ठीवर डॉक्टरांनीच लिहिलंय. आपलं डोकं चालवायचं नाही. मी चालवलं, त्याचा निकाल तू बघते आहेसच.

पिल्लाला फडक्यात गुंडाळ, पंख बंद. मान तळहाताच्या आधारानं सरळ धर, ओढू नकोस. थेंब चोचीच्या बाजूनं, कडेला. सरळ घशात ओतलास तर श्वासनळीत जाईल आणि मग खरंच खड्डा लागेल. एक थेंब, गिळू दे, मग दुसरा. सकाळ-संध्याकाळ.

कणी बंद. गव्हाचा कोंडा, भरडलेली ज्वारी, मोड आलेली मटकी ठेचून, मेथीचं कोवळं पान बारीक चिरून. गोळी करून भरव. कोवळ्या उन्हात ठेव. फिनेल पुरे झालं.

आणि तुझी खिचडीही बंद. बाटली मी मोठी घेतली आहे.

आशा


औरंगाबाद
१९ एप्रिल १९९१
(पोस्टकार्ड)

जहांआरा,

पुडकं मिळालं का? कंडक्टर म्हणतो, स्टँडवर एका बाईनं घेतलं, तू नव्हतीस. पिल्लू मेलं असेल तर तसं लिही. मी घाबरणारी नाही. पण लिही. ईद मुबारक.

आशा


पिशोर
२१ एप्रिल १९९१

आशाखाला,

सलाम. अम्मीला लिहवत नाही म्हणून मी इलियास लिहितो आहे. घाबरू नका. अम्मीला ताप होता. शेवटच्या रोज्यांत आला, आणि तिनं कुणाला सांगितला नाही. पुडकं चतुराबाईनं आणून दिलं.

मी ईदच्या आदल्या संध्याकाळी पोचलो. खरं सांगतो, तयारीनं आलो होतो. ईदच्या दुसऱ्या दिवशीचा टेम्पोही ठरवला होता, सामानासाठी. दारात आलो तर अम्मी बाजेवर पांघरूण घेऊन, शेजारी पाटी. कसा आहेस नाही, जेवलास का नाही. म्हणाली, "हात धू. थेंबांची वेळ झाली. माझे हात थरथरतात."

मी म्हणालो, "अम्मी, तुला ताप आहे आणि तू कोंबडीचं काय घेऊन बसलीस?"

"माझा ताप उतरेल. त्याची मान उतरली पाहिजे. धू हात."

धुतले. पहिल्यांदा मी नळीच दाबली, पिल्लू ठसकलं. अम्मी बाजेवरून ओरडली, "कडेनं! चोचीच्या कडेनं! खालानं लिहिलंय!" ताप असलेल्या बाईचा आवाज तसा नसतो.

डॉक्टरकडं नेलं तिला. मलेरियाचं औषध चालू आहे. मी रजा वाढवली. दोघांना एकाच वेळी औषध देतो. अम्मी त्याच्याकडं बघते, ते गिळतं का, आणि मग स्वतःची गोळी घेते. अगोदर घेत नाही.

ईदची नमाज पढून आलो, नवा सदरा होता. पिल्लाला फडक्यातून काढून मांडीवर घेतलं. मान अजून तिरकी, पण आढ्याकडं नव्हती. माझ्याकडं बघितलं आणि सदऱ्याच्या गुंडीवर चोच मारली. आपण होऊन. पुन्हा मारली. अम्मी उठून बसली. चतुराबाई शीरखुर्म्याला आली होती, वाटी तशीच हातात धरून म्हणाली, "आगं बाई, जित्तं हाय की! आन् माझ्या चारीबी जित्त्या हायत!"

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. टेम्पोवाल्याला शीरखुर्मा देऊन परत पाठवला.

पण खाला, माझा प्रश्न मिटलेला नाही. ताप आला तेव्हा ती एकटी होती. चतुराबाई नसती तर? तुम्हीच म्हणाला होतात, घेऊन ये. आता तुम्ही तिला सांगा. तुमचं ती ऐकते.

तुमचा
इलियास


औरंगाबाद
२४ एप्रिल १९९१

चि. इलियास,

माझं ती ऐकते, म्हणूनच पिल्लू मरता मरता राहिलं. तेव्हा माझ्या सांगण्यावर जरा कमी भरवसा ठेव.

फेब्रुवारीत मी तुला घेऊन ये म्हणाले. ते मागे घेते. मी एका जिवाला स्वच्छ फरशीवर ठेवलं, माती बंद केली, ऊन बंद केलं, मऊ शिजवून घातलं. त्याची मान मोडली. सिडकोत तुझी फरशी माझ्या सांगण्यातल्यासारखीच स्वच्छ असेल, यात मला शंका नाही.

तुझी काळजी खरी आहे. तिचा उपाय टेम्पो नाही. एक रविवार सोडून एक रविवार पिशोर गाठायचं. सूनबाईलाही ने. चतुराबाईकडं तुझ्या ऑफिसचा फोन नंबर देऊन ठेव, पिशोरच्या पोस्टातून फोन लागतो. आणि अम्मी काय खाते ते पातेलं उघडून बघ, विचारू नकोस, खोटं सांगेल.

मधल्या रविवारी मी जाईन. गुडघे दुखतात, पण गाडीत बसायला गुडघे लागत नाहीत.

आशाखाला


पिशोर
१८ ऑगस्ट १९९१

आशा,

तुझ्या शेवटच्या फेरीला त्याचे पाय तू पाहिलेसच. आता उंची माझ्या गुडघ्याला आली आहे. मान किंचित डावीकडं राहिली ती राहिलीच. इलियास म्हणतो, "अम्मी, हा सतत मला काहीतरी विचारतोय असं वाटतं." मागच्या रविवारी तो आणि सूनबाई दोघंही आले होते. सूनबाईनं खुराड्याला नवा पत्रा घातला. मी सांगितलं नव्हतं.

आज पहाटे मी जागी नव्हते. परसातून आवाज आला. आधी फाटका, मध्येच तुटला. मी अंथरुणात तशीच पडून राहिले, म्हटलं चतुराबाईचा असेल. पण चतुराबाईकडं कोंबडा नाही. पुन्हा आला, आणि या वेळी शेवटपर्यंत गेला.

चतुराबाई भिंतीवरून म्हणाली, "भाभी, उठा. तुमचं सायेब बांग द्यायलंय."

मी उठले. दार उघडलं. तो भिंतीवर, तिरक्या मानेनं, फाटकाकडं तोंड करून. मी इलियासला पत्र टाकलंय. एकच ओळ. "परसात अब्बांची असील आहे."

पण आशा, एकट्यानं जात चालत नाही. असील कोंबडी पाहिजे, खरी. आजूबाजूच्या गावांत विचारून थकले. तू तर शहरात राहतेस आणि तुला अंड्याचाही वास सोसत नाही, तुला काय सांगणार. तरी सांगितलं.

जहांआरा


औरंगाबाद
२९ ऑगस्ट १९९१
(पोस्टकार्ड)

जहांआरा,

रविवारी पहिल्या गाडीनं येते. स्टँडवर चतुराबाईला पाठव, माझ्या हातात पाटी असेल आणि ती मी कंडक्टरच्या हातात देणार नाही. लासूर स्टेशनच्या एका घरातून इलियासनं शोधली, मी जाऊन पाहिली. उंच, ताठ, स्वभावानं तुझ्यासारखी. दोन दिवस माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखाली आहे. शेजारणी बघायला येतात. मी कुणाला काही समजावत बसत नाही.

ज्वारी खाते, मटकी खाते, माझ्या कुंडीतली मेथी मुळासकट खाल्ली. तांदूळ मी तिला दाखवलासुद्धा नाही.

आशा